निम्मी साक्ष

मी खोटं बोलत न्हाई, ही माजी गावात वळख. आजबी हाय. कुनाच्या घरात काय वाद झाला तर म्हनतात, आजीला इचारा, आजी हाय ते सांगंल. हे नाव टिकवायला मी येका बाईचं काय केलं ते मला सांगायचं हाय. ती माजी थोरली जाऊ. मी तिला आक्का म्हनायची.

आमचं गाव जामखेडच्या अलीकडं, माळावर. गावाच्या कडंला आमची बारा-तेरा घरं ख्रिस्ती. चर्च म्हंजी येक लांबट खोली, वर पत्रा, खाली सारवलेली भुई. पाळक कायमचे न्हवते. धा-बारा गावांना मिळून येकच पाळक, त्यामुळं ते तीन-तीन महिन्यांनी यायचे. मधल्या आयतवारी उपासना माजे सासरे चालवायचे. ते मंडळीचे, म्हंजी चर्चच्या लोकांचे, पंच हुते. शाळा दोनच यत्ता झालेली, पन पुस्तक वाचायला लागले की मान्सं हलायची न्हाईत. त्यांचं येकच सांगनं हुतं, आपलं आंग आन आपलं तोंड, दोन्ही स्वच्छ पायजे. गावात आपल्याकडं बघून लोक ठरवतात की आपला देव कसा हाय.

पाळक आले की प्रभुभोजन व्हायचं, म्हंजी येशूच्या आठवनीत भाकरीचा तुकडा आन प्याल्यातला घोट समद्यांनी घ्यायचा. त्याला भाकर लागती. म्हनायची भाकर, पन ती गव्हाची, पातळ, बिनमिठाची. ती भाजायचा मान आमच्या घरात हुता. येकच बाई ती भाजायची. सकाळी आंघूळ, धुतलेलं लुगडं, उपाशीपोटी. भाकर तव्यावरनं उतरंस्तवर कुनाशी बोलायचं न्हाई. मनात कुनाबद्दल वाकडं आसंल तर आदल्या दिशी जाऊन मिटवून यायचं. हे कुठं लिहिलेलं हाय का, मला म्हाईत न्हाई. माज्या सासूनं तसं केलं, तिच्या सासूनं तसं केलं.

सासूनं मरायच्या आदी हा मान मला दिला. खरं तर तो थोरलीचा. पन सासू म्हनली, थोरलीचं तोंड साफ न्हाई. ते खोटं न्हवतं. आक्का बोलायची ते टोचायचं, आन समोरचा हसायचाबी. शिव्या तर तिच्या तोंडात पानासारख्या. सासूनं माजं नाव घेतलं तवा आक्का चुलीपशी बसलेली. ती म्हनली, "बरं झालं. माज्या हातची भाकर बघून देव उठून जायचा. माजी भाकर म्हंजी जामखेडचा नकाशा." समदी हसली. मीबी हसले. तिला वाईट वाटलं का, हे माज्या मनात आलं न्हाई. मी तवा एकोनीस वर्साची हुते, मिशनच्या शाळंत चौथीपर्यंत शिकलेली, आन माज्या खरेपनाचं मला लई कवतिक हुतं.

मंग दुस्काळ पडला. हिरी आटल्या, जनावरं इकली, न्हाई इकली ती मेली. समदं गाव सरकारी कामावर खडी फोडायला. तिथं दुपारी सुकडी मिळायची, भाजल्या पिठाची, वंजळभर. येक दिवस वाटनाऱ्याचा हिशोब चुकला का त्याचं लक्ष न्हवतं कोन जाने, त्यानं मला दोनदा दिली. मी सातव्या महिन्यात हुते. मी परत जाऊन त्याच्या टोपल्यात टाकली. बाया हसल्या. आक्का म्हनली, "आगं येडे, पोटातल्याला इचारलंस का परत देऊ का म्हनून? देव काय वंजळी मोजत बसलाय?"

मी म्हनले, "आक्का, जे आपलं न्हाई ते आपलं न्हाई."

"आसं म्हनतीस? मंग ती सुकडी तरी त्या वाटनाऱ्याच्या बापाची कुठं हुती," आसं म्हनून तिनं तिच्यातली चिमूटभर माज्या हातावर ठिवली.

हे सासऱ्यांच्या कानावर गेलं. सुकडी परत केली तेवढं. आयतवारी त्यांनी ते चर्चमधी सांगितलं, माजं नाव घिऊन. मी पदर पुढं वढला, पन आतून फुलले. आक्काची चिमूट कुनी सांगितली न्हाई. मीबी न्हाई.

माघ सरताना मला मुलगी झाली. महिन्याभरानंच मी परत कामावर. घरात रेशनची लाल जवारी, मिलो म्हनायचे तिला, तीबी पोटभर न्हाई. चैत लागला आन माजं दूध आटलं. पोर वढायची, वढायची, आन रडायची. मंग ती रडायचीबी बंद झाली. नुसती बघत पडायची. रडतं लेकरू बरं, आसं मला तवा कळलं.

त्याच टायमाला गावच्या देवीची जत्रा आली. आमचा आन त्या जत्रंचा संबंध आमच्या आज्यानं तोडलेला. देवीपुढं कापलेल्याचं आमच्या घरात आनायचं न्हाई, शिवायचं न्हाई, ही पक्की रीत. गावातल्या लोकालाबी ते म्हाईत, ते कवा आग्रह करायचे न्हाईत. त्या साली जत्रंत पाळना न्हाई, दुकान न्हाई. पन चारा नसल्यानं बकरी तशीबी मरायची, म्हनून लई जनांनी नवस फेडून घेतले. आन आमचा त्यो हप्ता दुखसहनाचा. शुक्रवारी गुड फ्रायडे, आयतवारी ईस्टर. ईस्टरला पाळक येनार हुते.

मंगळवार हुता. पोर आशी झाल्यापास्नं मी काम सोडलेलं, उंबऱ्यात तिला घिऊन बसलेले. ऊन कललेलं. देवीच्या माळाकडनं जी वाट येती तिकडनं आक्का आली. पदराखाली कडीचा डबा. ती ज्यांच्या मळ्यात खुरपायला जायची त्या मालकिनीनं दिलेला. ती थेट माज्याकडं आली, आत गेली, माज्याच घरातली वाटी घेतली, रस्सा वतला, त्यात काळजाचे दोन-तीन तुकडे टाकले, भाकर मोडली.

"खा."

"कशाचं हाय आक्का?"

"इचारू नको. इचारलंस तर तुला खाता यायचं न्हाई. तुला खाता आलं न्हाई तर हिला पेता यायचं न्हाई."

मी परत इचारलं न्हाई. मी नुसती अजान हुते आसं मात्र न्हाई. डब्याच्या कडंला कुंकू लागलेलं, आन त्यातलं वाटीच्या काठाला लागलं. मी ते बोटानं पुसलं. बोट लुगड्याला पुसलं. मंग खाल्लं. समदं खाल्लं, वाटी चाटून. आक्का पोरीला मांडीवर घिऊन बसली हुती. माजं झाल्यावर ती राहिलेला डबा घिऊन तिच्या घरात गेली, तिच्या दोन लेकरांकडं.

बुधवारी सकाळी मला पान्हा फुटला. पोर पोट भरून पेली आन झोपली. आक्कानं दारातनं डोकावून बघितलं आन म्हनली, "दुधाला कळत न्हाई गं, मटन कुठल्या देवाचं ते."

मी तिला गप म्हनले. कुनी ऐकंल म्हनून.

शनवारी पाळक आले. सडकंवरनं चालत, पिशवीत आमच्या भाकरीपुरतं गव्हाचं पीठ आन प्याल्यातल्या रसासाठी मूठभर काळ्या मनुका. आमच्याकडं कुठला गहू. दुपारी तयारीची सभा बसली. प्रभुभोजनाच्या आदल्या दिशी ही सभा व्हायची. कुनाचं कुनाशी वैर आसंल, कुनी दारू पिली आसंल, कुनी काय केलं आसंल, ते तिथं काढायचं, माफी मागायची, मिटवायचं, मंगच दुसऱ्या दिशी भाकर घ्यायची. पत्रा तापलेला, म्हनून समदी बाहीर लिंबाखाली बसलेली. मी पोरीला पदराआड पाजत हुते.

पाळकांनी नेहमीसारखं इचारलं, "कोणाच्या मनात काही असेल तर आता बोला."

येक शेजारीन उठली. तिचं आन आक्काचं टँकरच्या पान्यावरनं आठ दिस आदी भांडान झालेलं. ती म्हनली, "मी काय वैरानं बोलत न्हाई. पन पंचाची थोरली सून मंगळवारी देवीच्या माळावरनं डबा घिऊन आली. ह्या आठवड्यात. पंचाच्या घरात आसं चालत आसंल तर आमी आमच्या सुनांना काय सांगायचं?"

सासऱ्यांचं तोंड मी बघितलं. मान्साचं तोंड आसं पडलेलं मी परत बघितलं न्हाई.

ते म्हनले, "थोरले, हे खरं हाय?"

आक्का म्हनली, "मामंजी, ह्या बाईला माजा डबा लांबनं दिसतो, पान्याचा नंबर मात्र जवळनंबी दिसत न्हाई."

दोघं-तिघं हसले. सासरे हसले न्हाईत. "सरळ सांग."

आक्का गप बसली. व्हय म्हनली न्हाई, न्हाई म्हनली न्हाई. मला वाटतं ती खोटं बोलायला तयार न्हवती, आन खरं बोलली तर फुडचा सवाल आला आसता, की अजून कुनी खाल्लं. म्हनून ती गप. हे मला नंतर कळलं, लई नंतर.

सासरे पाळकांना म्हनले, "धाकलीला इचारा. ती बाळंतीन हाय, दारातच बसलेली आसती. तिनं बघितलं आसंल. आन ती खोटं बोलत न्हाई."

समदी माज्याकडं वळली. पोर पदराखाली पेत हुती, तिचा आवाज मला ऐकू येत हुता.

पाळक चांगले हुते. ते हळू बोलले. "बाई, घाबरू नका. तुम्ही जे पाहिलं तेवढंच सांगा."

त्यांनी सांगितलं ते मी धरून बसले. बघितलं तेवढंच. खाल्लं ते काय बघनं न्हवं. येवढ्या वेळात मान्सू किती इचार करतो ह्याचं मला आजबी नवल वाटतं. मला भाकर दिसली, सकाळचं धुतलेलं लुगडं दिसलं, सासऱ्यांनी परत माजं नाव घेतलेलं ऐकू आलं. मला हे समदं जाईल आसं दिसलं.

मी म्हनले, "आक्का देवीच्या वाटंनं आली. हातात डबा हुता. डब्याला कुंकू हुतं."

कुंकवाचं मला कुनी इचारलं न्हवतं. ते मी माज्या मनानं सांगितलं. जास्त खरं वाटावं म्हनून. त्या डब्यातलं कुनी खाल्लं हे कुनी इचारलं न्हाई, आन मी सांगितलं न्हाई.

आक्कानं माज्याकडं बघितलं. मंग माज्या मांडीकडं, पोर पेत हुती तिकडं. मंग तिनं खाली बघितलं आन भुईवरचा लिंबाचा मव्हर येका बाजूला करायला लागली. तिनं येक शबुद काढला आसता तर झालं आसतं. "हिलाबी इचारा," येवढंच. ती बाई, जिचं तोंड साफ न्हाई म्हनून आमी हसायचो, ती त्या दिशी तोंड मिटून बसली.

पाळकांनी तिला इचारलं, "तुम्हाला पश्चात्ताप आहे का? मंडळीची माफी मागाल का?"

ती म्हनली, "लेकरं जेवली, पाळकसाहेब. त्याची माफी कशी मागायची ते मला येत न्हाई. तुमी सांगा, मी तसं म्हनते."

सासरे उठले. त्यांना ते उर्मट वाटलं. मला वाटतं ती खरंच इचारत हुती. त्यांनी पंच म्हनून ठरवलं, माफी मागंस्तवर थोरलीला भाकर न्हाई. पाळकांनी जरा आडवं लावून बघितलं, पन सासऱ्यांनी ऐकलं न्हाई. आपल्याच घरातलं म्हनल्यावर जास्त कडक पायजे, म्हनले.

घरी आल्यावर मी माज्या मालकाला सांगितलं. त्या डब्यातलं मीबी खाल्लंय. त्यांनी दार लोटलं. मंग म्हनले, "आता बोलू नको. आबाला येका दिवसात दोन सुना सोसायच्या न्हाईत." मी त्यांच्यावर ढकलत न्हाई. ते बोल म्हनले आसते तरी मी बोलले आसते का, मला सांगता येत न्हाई.

सकाळी मी आंघूळ केली, धुतलेलं लुगडं नेसले, उपाशीपोटी भाकर भाजली. मनात कुनाबद्दल वाकडं आसंल तर मिटवून यायचं, ही रीत. आक्काचं घर माज्या घराला लागून, मधी येक भिंत. मी गेले न्हाई. भाकर अशी फुगली की तशी कवा फुगली न्हवती. करपंल, कायतरी व्हईल आसं मला वाटत हुतं. काय झालं न्हाई.

पाळकांनी नेहमीचा इशारा दिला, ज्याचं मन साफ न्हाई त्यानं घेऊ नये. मी घेतली. ताट मागं गेलं. आक्का शेवटाला भिंतीला टेकून बसलेली, दोन्ही लेकरं जवळ. ताट तिच्या म्होरनं गेलं. धाकटं लेकरू हात पुढं करायला लागलं तर तिनं त्याचा हात हातात घेतला.

त्यानंतर चार-पाच महिने ती तिथंच, भिंतीपल्याड. ती माज्याशी बोलायची. पोरीला न्यायची, त्याल लावायची. मीच चुकवायचे. चुलीपशी दोघी बसायची येळ आली की मी कायतरी काढून बाहीर जायचे. जिचं वाईट केलं तिच्यावरच राग येतो, हे मी माज्यात बघितलं. तिची येकेक गोष्ट मला टोचायला लागली, तिचं हसनं, तिचं मोठ्यांदा बोलनं. मी मनात म्हनायचे, माफी मागितली तर काय जातंय हिचं.

पाऊस झाला, पन गावात काम न्हवतं. आक्काचा भाऊ देवळाली प्रवऱ्याला उसाच्या मळ्यात हुता. त्यानं बोलावलं. दीर आन ती लेकरं घिऊन निघाली. मी सडकंपर्यंत पोचवायला गेले. येष्टी यायला येळ हुता. दीर लेकरांना घिऊन जरा लांब उभे हुते. मी म्हनले, "आक्का, माजं चुकलं."

ती म्हनली, "काय चुकलं? तू खोटं कुठं बोललीस? खरंच बोललीस की. निम्मं."

मला रडायला आलं. ती म्हनली, "रडू नको, पोरीचं दूध नासंल."

मी इचारलं, "तू का नाय बोललीस?"

"बोलले आसते आन तुलाबी काढलं आसतं, मंग भाकर कुनी भाजायची? जामखेडचा नकाशा खायचा का समद्यांनी?" ती हसली. मंग म्हनली, "तू आता बाळंतीन हायेस. पोर जरा मोठी झाली की सांग तू मामंजींना. तुज्या तोंडानं सांग. मी वाट बघते."

येष्टी आली. मी व्हय म्हनले.

पोर मोठी झाली. रांगली, चालली, शाळंत गेली. मी सांगितलं न्हाई. आज सांगू, ह्या ईस्टरला सांगू, सासऱ्यांची तब्येत बरी झाली की सांगू.

दोन-तीन वर्सांनी दिराचं पत्र आलं. तिकडच्या मंडळीत त्यांना जायचं हुतं, तर इकडच्या मंडळीचं पत्र पायजे, की ही मान्सं चांगल्या चालीची हायेत. आसं पत्र लागतं. सासऱ्यांनी दिराचं लिहून दिलं. आक्काचं दिलं न्हाई. "तिनं येऊन माफी मागावी, त्याच दिशी देतो," म्हनले. मी तिथंच त्यांना च्या देत हुते. मी कपबशी ठिवली आन आत आले. दीर तिकडच्या मंडळीत गेले. आक्का जायची, पन पाहुन्यासारखी.

सासरे वारले. मंग कुनाला भ्यायचं राहिलं न्हवतं. तवा मला कळलं की मी सासऱ्यांना भीत न्हवतेच. तंवर माज्या नावाचं लई झालेलं. लग्न ठरलेल्या पोरींना आया माज्याकडं धाडायच्या, जरा आजीजवळ बस, कसं ऱ्हायचं ते शिक. मी त्यांना शिकवायचे. आंग सांभाळा, तोंड सांभाळा, दुसऱ्याच्या वस्तूला हात लावू नका, खोटं बोलू नका. त्या मान हलवायच्या. मी सांगत हुते त्यात काय वाईट न्हवतं. आजबी मी तेच सांगीन. पन येवढं सांगून भागत न्हाई, हे त्यांना मी सांगितलं न्हाई. सोताला साफ ठिवायच्या नादात मान्सू दुसऱ्याच्या आंगावर घान टाकतो, हे सांगायला पायजे हुतं. ते सांगायचं तर कुठनं म्हाईत झालं तेबी सांगावं लागलं आसतं.

मी चाळीस वर्सांच्या वर भाकर भाजली. आक्का मधी दोन-तीनदा लग्नाकार्याला गावात आली. मला भेटली की हसायची, गालावरनं हात फिरवायची. इचारलं न्हाई तिनं येकदाबी. तिनं इचारलं आसतं तर बरं झालं आसतं. शेवटच्या खेपंला मी म्हनले, "आक्का, ते ऱ्हायलंच." ती म्हनली, "काय ऱ्हायलं?" मला वाटलं ती खरंच इसरली. मला बरं वाटलं, हे मी सांगते. बरं वाटलं.

मंग ती गेल्याचा निरोप आला, माती झाल्यावर. मी नगरवरनं गाडी बदलून देवळालीला गेले. पुतनी हुती, आक्काची थोरली लेक, आता तीच नातवंडांची. तिनं मला जेवाया वाढलं. म्हनली, "आई चर्चला येकबी आयतवार चुकवायची न्हाई. पन प्रभुभोजनाला हात पुढं करायची न्हाई. इथल्या पाळकांनी लईदा सांगितलं, आजी आता घ्या, त्या जुन्या पत्राचं काय न्हाई. ती म्हनायची, न्हाई, माजं पत्र यायचं हाय. आमाला वाटायचं चेष्टा करती."

मी ताटातली भाकर नुसती मोडत ऱ्हायले.

पुतनी म्हनली, "काकू, तुमचं लई सांगायची. म्हनायची, धाकली लई खरी. तिच्यासारखं ऱ्हावा."

ती हे हसून म्हनायची का बिनहसता म्हनायची, मी इचारलं न्हाई. तिथं पुतनीला सांगायचा मला धीर झाला न्हाई. ती येळ सांगायची हुती, आन मी जेवून, हात धुवून परतले.

पन गावात आल्यावर पुढच्या तयारीच्या सभंला मी उभी राहिले. आता चर्च पक्कं बांधलंय, खुर्च्या हायेत. पाळक नवे, पोरगेलेसे. मी म्हनले, मला बोलायचं हाय. आन समदं सांगितलं. डबा, वाटी, कुंकू, माजी साक्ष, तिचं गप ऱ्हानं, पत्र. माजा आवाज हलला न्हाई. बोलताना मी समोर बघत हुते. त्या दिवसाचं कुनी तिथं उरलेलं न्हवतं. टँकरवाली शेजारीन गेली, जुने पाळक गेले, माजे मालक गेले. समोर बसलेल्या निम्म्या लोकांनी आक्काला कवा बघितलंबी न्हवतं.

माजं झाल्यावर कुनी रागावलं न्हाई. बाया डोळे पुसत हुत्या. पाळक उठून माज्याजवळ आले, हात धरला, म्हनले, "आजी, दुष्काळ होता, तान्ह्या बाळाची काळजी होती. देवानं केव्हाच क्षमा केली असेल. बसा तुम्ही."

मी म्हनले, "मला काढा. तिला जसं काढलं तसं."

ते म्हनले, "कुणाला काढायचं आजी? असं कोण उभं राहून सांगतं आजकाल?"

मागनं कुनीतरी म्हनलं, "बघा, ह्याला म्हनायचं खरी बाई."

दुसऱ्या दिशी उपदेशात पाळकांनी तेच घेतलं. आपल्या मंडळीत अशी साक्षीदार आजी आहे, तिच्या प्रामाणिकपणाचा कित्ता गिरवा, म्हनले. आक्का त्यात "एक नातेवाईक" झाली. येकदाच आली. मी मधी उठून सांगनार हुते की खरं माजं न्हवं, तिचं सांगा. ती बाई चुकीची न्हवती, ती माज्यासाठी गप बसली, हे सांगा. पन उपदेश चालू हुता, आन समदी माज्याकडं वळून मायेनं बघत हुती.

ताट आलं तवा मी घेतलं न्हाई. शेजारी बसलेल्या येका सुनंला वाटलं मला दिसलं न्हाई, म्हनून तिनं तुकडा उचलून माज्या हातावर ठिवला.